म्हाळूची हाळी

मेंढरं नावानं येत न्हाईत, हाळीनं येतेत. अन् हाळी ज्याची त्याची असती. आमच्या नेकनूरच्या माळावर चार कळप एकात एक घुसले तरी धनगर घाबरत न्हाईत. चौघं चार कोपऱ्यांत हुबे राहतेत, आपापली हाळी देतेत, अन् मेंढरं आपापल्या मालकाकडं चालू लागतेत. मी हे लई बारी बघितलंय अन् दर बारीला वाटतं, ह्यात कायतरी हातचलाखी असावी.

माझा दोस्त म्हाळू, त्याची हाळी तर टेकडीच्या पल्याड ऐकू जायची. बेंबीच्या देठापासनं निघायची, वर चढायची, मधीच फुटायची, अन् मंग तिचं शेपूट लांबच्या लांब जायचं. हुर्रर्रर्र... याऽऽऽऽव. म्हाळू अंगानं निस्ती काडी हाय. एवढा आवाज कुठं ठिवतो हे त्याच्या बायकोला, बायडाबाईला बी ठाव न्हाई.

मी रामकिसन. नेकनूर ते केज काळीपिवळी जीप चालवतो. आता तुमीच सांगा, दोस्ताची अशी हाळी अन् आपल्या खिशात मोबाईल, माणूस गप कसा बसंल? मी ती भरून घेतली अन् जीपच्या भोंग्याला जोडली. पयल्याच दिवशी चौकात भोंगा वाजविला, तर म्हाळूची सगळी मेंढरं रानातून उठली अन् जीपमागं निघाली. पार बस स्टँडपस्तोर. बीडची एसटी लागलेली होती, दोन मेंढरं चढली बी. कंडक्टर म्हनला, "ह्यांचं हाफ काढू का फुल?" म्हाळू काठी घिऊन माझ्यामागं, मी जीपभवती, अन् आतले पॅसेंजर पोट धरून. नंतर लई दिवस माझ्यासंगं बोलला न्हाई.

मंग कार्तिकात म्हाळू पडला.

नुकतीच जन्मलेली दोन कोकरं झोळीत घिऊन बांधावरनं उतरत होता, पाय सटकला. कोकरांना लागू न्हाई म्हनून पडता पडता वळला अन् उजव्या बरगड्यांवर आदळला. कोकरं ठणठणीत. म्हाळूच्या बरगडीला बारीक तडा. दवाखान्यातले सायब म्हनले, आराम करा, भरून येतंय. भरून आलं बी. दुसऱ्या एक्सऱ्यात हाड एकदम नीट. पर श्वास काय पुरा येईना, अर्ध्या वाटंत अडायचा. हाळी द्यायला तोंड उघडलं की निस्तं फुस्स, पंक्चर ट्यूबवानी.

त्यात कुनीतरी त्याला पायाळू मानसाकडं नेलं. आमच्याकडं उसण भरली की पायाळू, म्हंजे जन्मताना पाय आदी घिऊन आलेला माणूस, पाठीत लाथ घालतो. म्हाळूला बी घातली. लाथंनं बरगडी काय मोकळी होती? उलट म्हाळूनं जाहीर केलं, "आता मपल्या आंगाला कुनी हात लावायचा न्हाई. डॉक्टर न्हाई, वैदू न्हाई, बायडा न्हाई."

अन् एक दिवस माझ्याकडं आला. खाली बघत म्हनला, "रामकिसन, तुझ्या फोनातला म्हाळू दे मला."

मला हसू यायला पायजे होतं. आलं न्हाई. त्याच्या फोनात हाळी टाकून दिली.

पयले काही दिवस मेंढरं फसली. पर त्याची म्होरकी मेंढी हाय, कवडी नावाची, डोळ्यापाशी पांढरा ठिपका. ती एक दिवस जवळ आली, फोनला नाक लावलं, मंग म्हाळूच्या मिटलेल्या तोंडाकडं बघितलं, अन् पाठ फिरवून चालती झाली. तिच्यामागं सगळी. तव्हापासनं फोन कितीबी वाजवा, एक कान हालत न्हाई. मी उभ्या तालुक्याला फशिवलंय, पर मेंढरानं एकदा चलाखी वळखली की ते परत फसत न्हाई.

हाळी गेली तसा कळप बी हातातून जाऊ लागला. मेंढरं कुनाच्याबी हरभऱ्यात घुसायची, शिव्या म्हाळूला. बायडाबाई गुडघे धरधरून मागं पळायची. पुण्याला कंपनीत असलेला पोरगा सोमेश्वर आला अन् म्हनला, "आबा, बास झालं. गुढीपाडवा झाला की मेंढरं विकून टाकू." म्हाळू भांडला न्हाई. भांडायला बी श्वास लागतो. पर त्या दिवसापासनं तो भाकरी खाऊन झाली की वाडग्यात, मेंढरांच्या मधोमध जाऊन बसायचा. बायडाबाई मला म्हनली, "भाऊ, मेंढरं गेली तर ह्यो माणूस मला बी वळखायचा न्हाई."

त्याच टायमाला माझ्या जीपमधी एक नवी गोष्ट फिरू लागली. आमच्या भागातले पुढारी विजयसिंह, त्यांची लेक राजनंदिनी केजला बसू लागलीय म्हनं. इंजेक्शन न्हाई, गोळी न्हाई, मशीन न्हाई. निस्त्या हातानं माणूस मोकळा करती. ऑस्टिओपॅथी म्हनतेत त्याला. मला दोन गोष्टी पटंनात. हातानं माणूस बरा कसा होतो, ही एक. अन् पुढाऱ्याच्या घरात हातानं काम करनारं माणूस निपजलं कसं, ही दुसरी.

म्हाळूला नेण्याआदी माल तपासून बघावा म्हनून मीच गेलो. कंबर धरून, कण्हत कण्हत जिना चढलो. आत एक उंच गादीची खाट, दोन खुर्च्या, पंखा. राजनंदिनी ताई तिशीची पोरगी. हातात बांगडी न्हाई, अंगठी न्हाई, नखं बारीक कापलेली.

"काय होतंय मामा?"

"कंबर गेली ताई. वाकताच येत न्हाई."

"उभे राहा. जमेल तेवढंच वाका."

मी वीतभर वाकलो अन् गावाला ऐकू जाईल असा वरडलो. ती माझ्या मागं हुबी राहिली, दोन्ही हात कंबरंवर ठिवले. दाबले न्हाईत, निस्ते ठिवले. जरा येळ गेला.

"मामा, दारात वाकून सँडलचा पट्टा सोडलात, तेव्हा काही दुखलं नाही का?"

मी दारातल्या सँडलकडं बघितलं.

"तुमी रामकिसन ना? जीपवाले? आमच्या बाबांची उसण भरलीती, तेव्हा 'मी पायाळू आहे' असं सांगून त्यांना लाथ घालणारे?"

"उसण गेली का न्हाई तेवढं सांगा ताई," मी म्हनलं. "मी पायाळू न्हाई, कबूल. पर तुमच्या बाबांना लाथ घालून वर चहा पिऊन आलेला ह्या जिल्ह्यात मी एकटाच हाय."

ती हसली. हसता हसता तिचा एक हात माझ्या डाव्या खुब्यावर गेला अन् तिथंच थांबला. हसू बी थांबलं.

"हे मात्र नाटक नाही," ती म्हनली. मला खाटंवर आडवं केलं, डावा पाय गुडघ्यात दुमडून हळूच आत वळवला, भाईर वळवला. "क्लच दाबून दाबून हा खुबा आखडलाय. मागं बघायचं झालं तर तुमी मान नाही वळवत, आख्खे वळता. अन् डाव्या कुशीवर झोप लागत नसणार."

डाव्या कुशीवर मी झोपत न्हाई हे फक्त आमच्या गीताबाईला ठाव. अन् गीताबाई काय केजला आलेली नव्हती.

"कसं कळलं ताई?"

"तुमी टायर बघून गाडीचं सांगता का नाही?"

"सांगतो. टायर एका अंगानं झिजलं तर टायरची चूक नसती. अलाइनमेंट गेलेली असती."

"तेच. शरीर सगळं एकाला एक जोडलेलं आहे. हाडं, सांधे, मांस, श्वासाचा पडदा. एक जागा अडली की दुसरी तिचं काम ओढते, अन् दुखतं ते ओढणाऱ्या जागेला. मी हातानं अडलेली जागा शोधते, तिला जरा सैल व्हायला मदत करते. पुढचं शरीर आपलं आपण करतं."

"म्हंजे सगळेच रोग?"

"नाही हो. मोडलेलं हाड, ताप, गाठ, छातीतली कळ, असलं काही असलं तर मी सरळ दवाखान्यात पाठवते. मला नाही म्हणायला बी शिकवलंय."

नाही म्हननारी डॉक्टरीण मी पयल्यांदा बघितली. तिथंच बसून म्हाळूची सगळी कथा सांगितली. ती म्हनली, घेऊन या, अन् एक्सरे बी आणा.

पर म्हाळूला आनायचं कसं? आंगाला हात लावू देत न्हाई तो. त्याचा जीव कशात हाय ते मला ठाव होतं. कवडी त्या दिवसांत बिथरल्यावानी करायची, कुनाला जवळ येऊ द्यायची न्हाई. मी वाडग्यावर गेलो अन् म्हनलं, "म्हाळ्या, केजला एक डॉक्टरीण आलीय. हात लावून मेंढराचं दुखणं सांगती. कवडीला घे, चल."

"हात लावूनच?"

"निस्त्या हातानं. पर तुझे एक्सरे घे संगं."

"मेंढीला बघायचं तर मपले एक्सरे कावून?"

"मालकाचे लागतेत. नवीन नियम हाय बे."

सरकारी नियमाला म्हाळू कधी काय इचारत न्हाई. एक्सरे काखंत, कवडीची दोरी हातात. जीपमधी मागच्या शिटावर कवडी मधी अन् दोन बाजूंनी पॅसेंजर. जिना चढून वर गेलो तर बाकड्यावर केसरबाई म्हनून एक म्हातारी बसलेली. तिनं कवडीला खालीवर बघितलं अन् मला इचारलं, "हिची बी कंबर धरलीया का?"

राजनंदिनी ताईनं मेंढीकडं बघितलं, मंग माझ्याकडं. मी पंख्याकडं बघितलं.

"मामा," ती म्हाळूला म्हनली, "मी माणसांचं शिकलेय. मेंढीचं औषधपाणी मला येत नाही. खोटं कशाला बोलू. पण हात लावून बघू का?"

म्हाळूनं इचार केला. "बगा. पर दाबू नका. तिला दाबलेलं खपत न्हाई."

कवडीचे पाय लटलट कापत होते, डोळे पांढरे. ताई खाली फरशीवर बसली. एक हात कवडीच्या खांद्यामागं, दुसरा छातीखाली. डोळे मिटले. अन् मंग काहीच केलं न्हाई. खरंच काही न्हाई. मी म्हनलं, आता फजिती होती बगा. पंखा घरघरत होता. कवडीच्या पायांचं कापणं कमी झालं. मंग थांबलं. मान खाली आली. ती पुढच्या गुडघ्यांवर टेकली, बसली, अन् तिचा जबडा हालू लागला. डावीकडं, उजवीकडं. रवंथ.

म्हाळूला जगात एकच सर्टिफिकीट कळतं, अन् ते मेंढीच्या जबड्यावर असतं. भेदरलेलं मेंढरू रवंथ करीत न्हाई. त्यानं कवडीकडं बघितलं, ताईच्या हाताकडं बघितलं. लई येळ बघितलं. कसाई बघतो तसं न्हाई, कारागीर दुसऱ्या कारागिराचं काम बघतो तसं.

"हात हलका हाय," म्हाळू म्हनला. मंग काखंतले एक्सरे तिच्याम्होरं धरले अन् मला म्हनला, "मालकाचे कावून लागतेत ते कळलं बरं का, रामकिसन. घरी चल, मंग तुला नियम दाखवतो."

तिनं एक्सरे उजेडाला धरून बघितले. ताप येतो का, खोकल्यात रक्त पडतं का, चालताना छातीत कळ येती का, सगळं इचारलं. मंग म्हनली, "हाळी कशी होती तुमची?"

म्हाळूनं माझ्याकडं बघितलं. मी फोन काढून हाळी वाजविली. कवडीनं ढुंकून बघितलं न्हाई. ताईनं परत वाजवायला सांगितली. आपला हात आपल्याच पोटावर ठिवून, हाळीसंगं श्वास घेत सोडत ऐकली.

"हा आवाज खालच्या बरगड्यांतून, पोटाच्या पडद्यातून निघालाय," ती म्हनली. "पडल्यावर दुखू नये म्हणून तुमी ती बाजू आवळून धरली. तेव्हा ते बरोबर होतं. हाड जुळलं, पण बाजू अजून आवळलेलीच आहे. तिला कुणी सांगितलंच नाही की आता सोडलं तरी चालतंय. तुमी आता निस्त्या खांद्यांनी श्वास घेताय."

म्हाळू पटका काढून खाटंवर आडवा झाला. बायडाबाईला बी हात लावू न देनारा माणूस. ताईनं एक तळवा पाठीखाली सरकवला, दुसरा उजव्या बरगड्यांच्या कडंवर ठिवला. मी वाट बघू लागलो, आता कडाकडा आवाज येईल, आता म्हाळू वरडंल. मी दोनतीन वाक्यं बी तयार ठिवलीती, नंतर गावात सांगायला.

आवाज आला न्हाई. ती मधीच म्हनायची, "सोडा. अजून सोडा. घाई नाही." श्वास भाईर पडला की तिची बोटं त्याच्यामागं जराशी आत जायची, श्वास आला की मागं सरायची. मेंढरामागं धनगर चालतो तसं. पुढं व्हायचं न्हाई, मागं पडायचं न्हाई. मी जादूचे लई खेळ बघितलेत, दोनचार केलेत बी. जादूत हात लपवावा लागतो. हिचे हात तर माझ्या डोळ्याम्होरं होते, अन् तरीबी काय होऊ लागलंय ते मला दिसत नव्हतं.

मंग म्हाळूचं पोट हाललं.

पयले जरासं. मंग उजवी बाजू, जी कार्तिकापासनं फळीवानी हुती, ती वर आली. डावी आली तेवढीच आली. म्हाळूनं डोळे उघडले अन् आढ्याकडं बघत म्हनला, "हे कुठनं आलं?"

"तुमचंच आहे, मामा."

म्हाळूच्या डोळ्यांच्या कडंनं पानी कानाकडं गेलं. त्याला कळलं का न्हाई कोन जाणे. थोड्या येळानं तो घोरू लागला. खाली कवडी रवंथ करीत होती, वर म्हाळू घोरत होता, अन् ताई तशीच हात ठिवून बसलेली. माझी तयार वाक्यं कुठं गेली ते मला सापडलंच न्हाई. मी खुर्ची बी करकरू दिली न्हाई.

उठल्यावर ताईनं बजावलं, "एका दिवसात होत नाही हे. येत राहा. अन् घरी आडवं पडून पोटावर तांब्या ठेवायचा. श्वासासंगं तांब्या वरखाली झाला पाहिजे, खांदे नाही. हाळीची घाई करायची नाही."

पुढं म्हाळू दर बाजाराला माझ्या जीपनं केजला. घरी सकाळ-संध्याकाळ तांब्या पोटावर. बायडाबाई शेजारणींना सांगायची, "आमचा माणूस आता तांब्याला झोके देतो." तांब्या चढू लागला, उतरू लागला. जिना चढताना धाप लागंना. पर हाळीचं नाव न्हाई. मी इचारलं तर म्हनायचा, "उद्या." उद्याला इचारलं तरी उद्या. एक दिवस खरं ते बोलला. "दिली अन् ती आलीच न्हाईत तर? आता निदान वाटतं तरी, दिली तर येतील."

मी परत इचारलं न्हाई.

पाडवा झाला. सोमेश्वर व्यापारी घिऊन माझ्याच जीपनं वाडग्यावर आला. व्यापाऱ्यासंगं दुसरा एक येनार होता, त्याला वाट सांगायची तर सोमेश्वरच्या फोनला माळावर रेंज न्हाई, म्हनून त्यानं माझा फोन घेतला अन् वाडग्यालगतच्या पालात जाऊन बोलत बसला. मेंढरं पल्याडच्या उतारावर, वढ्याच्या बी पलीकडं. बायडाबाई त्यांना वळवून आनायला पदर खोचू लागली.

"थांब," म्हाळू म्हनला.

तो पुढं गेला. काठी जमिनीत रवली. एक हात बरगडीवर ठिवला, ताई ठिवायची तिथंच. त्याची पाठ मागनं रुंद होताना मी बघितली. अन् मंग ती आली. पयले जरा खरखरली, गंजलेल्या दारावानी. मंग चढली, मधीच फुटली, अन् तिचं शेपूट वढा वलांडून गेलं.

पालातून सोमेश्वर चिडून भाईर आला. "रामकिसन काका, तुमाला कळत कसं न्हाई? आज तरी तो फोन बंद करा. आबाला काय वाटत आसंल?"

मी दोन्ही हात वर केले. "फोन तुझ्याच कानाला हाय, लेका."

सोमेश्वरनं फोन कानाचा काढला, त्याच्याकडं बघितलं. मंग बापाच्या पाठीकडं. फोनातून कोनतरी "हॅलो, हॅलो" करीत होतं.

पल्याडच्या उतारावर आदी एक मान वर झाली. मंग सगळ्या. जरा येळ एकबी मेंढरू हाललं न्हाई, म्हाळूबी न्हाई, आमीबी न्हाई. मंग कवडी निघाली. चालत न्हाई, पळत. मागनं आख्खा उतार सुटला, वढ्यात उतरला, धूळ अन् पानी एक करीत अलीकडं चढला. कवडी थेट म्हाळूपाशी आली, तो खाली वाकला तसं त्याच्या उजव्या बरगडीला नाक लावलं, हुंगलं, अन् ह्या बारीला पाठ फिरविली न्हाई. तिथंच डोकं टेकून हुबी राहिली.

बायडाबाईनं खोचलेला पदर सोडला. सोमेश्वर मेंढरांतून वाट काढत गेला अन् बापाच्या बाजूला हुबा राहिला. मंग म्हनला, "आबा, मला बी शिकवा."

"पयले तांब्या ठिव पोटावर," म्हाळू म्हनला.

व्यापारी जुना माणूस. त्यानं टोपी नीट केली अन् मला इचारलं, "केजला तुमची जीप कव्हा निघती?"

"ह्या घडीला," मी म्हनलं.

निघताना मला राहवलं न्हाई. मी भोंग्याचं बटन दाबलं. तीच हाळी, तोच म्हाळू, वर्षामागचा. माळावर एकानंबी मान वर केली न्हाई. फक्त म्हाळूनं माझ्याकडं बघितलं अन् जमिनीतली काठी उपटली.